हुशार मुलांना परीक्षेचं टेन्शन येत नाही?

'तो हुशार आहे, त्याला कसलं टेन्शन?' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. प्रयोग वेगळंच सांगतात.

अमेरिकेत सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अनोळखी पद्धतीची गणितं दिली. 51 मधून 19 वजा करा, उत्तराला 4 ने नि:शेष भाग जातो का ते सांगा. सगळं मनातल्या मनात. मग दडपण आणलं: बक्षिसाचे पैसे, आपण चुकलो तर जोडीदाराचंही नुकसान, वर व्हिडिओ शूटिंग. अवघड गणितांत घसरले ते कार्यस्मृती (काम करताना माहिती मनात धरून ठेवायची ताकद) दांडगी असलेलेच! बाकीच्यांच्या कामगिरीत फारसा फरक पडला नाही.

कारण सोपं आहे. कार्यस्मृती म्हणजे डोक्यातली कच्ची वही. हातचा, मधली उत्तरं तिथेच मांडलेली असतात. हुशार मुलं याच वहीच्या जोरावर लांबलचक रीती वापरतात. काळजीनं तीच पानं व्यापली की रीत मध्येच तुटते.

म्हणून मधल्या पायऱ्या कागदावर उतरवायची सवय लावा, 'मला तोंडी येतं' असं म्हणणाऱ्यालाही (त्याला तर आधी). सराव घड्याळ लावून, अनोळखी प्रश्नांवर घ्या. पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढण्याचा उपाय 2011 मध्ये गाजला, पण 2018 च्या मोठ्या फेरतपासणीत तो परिणाम दिसला नाही. त्यावर भिस्त नको. आणि 'तुला तर येतंच' हे पेपरच्या सकाळी म्हणू नका, त्यानं दडपण वाढतं.