टोकियोतली आगीची वावटळ

५ जुलै २०२५ ला जपानवर महासंकट कोसळणार, असं एका कॉमिकमधलं भाकीत त्या वेळी जगभर फिरलं. आपल्या वाहिन्यांनीही कॉमिकच्या लेखिकेला ‘जपानची बाबा वेंगा’ (बाबा वेंगा म्हणजे भाकितांसाठी गाजलेली बल्गेरियन बाई) म्हणत ते उगाळलं. हाँगकाँगहून जपानला जाणारे प्रवासी इतके घटले की काही विमानफेऱ्या कमी कराव्या लागल्या. तारीख आली आणि गेली. मला मात्र त्या दिवसांत सारखे आकित्सुने इमामुरा आठवत होते.

इमामुरा टोकियो विद्यापीठातले भूकंपशास्त्रज्ञ. १९०५ साली त्यांनी एका मासिकात लिहिलं की पुढच्या ५० वर्षांत टोकियोला मोठा धक्का बसू शकतो, आणि या लाकडी शहराला तेव्हा आग लागली तर लाखावर माणसं मरतील. म्हणून रॉकेलचे दिवे काढा आणि वीज आणा, असा त्यांचा आग्रह होता. वर्तमानपत्रांनी त्यातली भीती तेवढी उचलली. लोक घाबरले, आणि इमामुरांचे वरिष्ठ, जगप्रसिद्ध फुसाकिची ओमोरी यांनी त्यांना जाहीरपणे खोडून काढलं. इमामुरांनी तारीख सांगितली नव्हती. तारीख आजही कुणाला सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. धक्क्यानंतर शहराचं काय होईल, याचा हिशेब मात्र मांडता येतो. तो त्यांनी मांडला होता.

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटं. घरोघरी कोळशाच्या शेगड्यांवर दुपारचं जेवण शिजत होतं. ७.९ तीव्रतेच्या धक्क्याने घरं त्या शेगड्यांवरच कोसळली. शंभराहून जास्त ठिकाणी एकदम आगी लागल्या. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले होते, त्यामुळे बंबांना पाणी मिळेना. त्यातच नोतो द्वीपकल्पाजवळून जाणाऱ्या वादळाचा जोरदार वारा सुटला होता. या भूकंपात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा सुमारे १ लाख ५ हजार आहे. त्यांतले दहापैकी नऊ जण आगीने गेले.

सुमिदा नदीच्या काठी, होन्जो भागात, लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराची जागा रिकामी पडली होती. सुमारे १७ एकरांचं मोकळं मैदान. आगीपासून वाचायला यापेक्षा चांगली जागा कुठली? पोलिसांनीही लोकांना तिकडेच पाठवलं. गाद्या, पेट्या, हातगाड्या घेऊन चाळीस हजारांच्या आसपास माणसं तिथे जमली. चारच्या सुमाराला त्या मैदानावर आगीची वावटळ उतरली. थोड्याच वेळात सुमारे ३८ हजार माणसं गेली. एकूण बळींपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त, एका मैदानात.

हे कसं झालं, ते नीट पाहू. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रानात वावटळ उठते आणि लोक म्हणतात, तिच्यात भूत असतं. भूत नसतं, तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढत असते. ती वर गेली की तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी हवा आत धावते. ही हवा अगदी सरळ रेषेत कधीच येत नाही, थोडी तिरकी येते. म्हणजे तिच्यात किंचित फिरकी असते, आणि केंद्राकडे येताना ही फिरकी वाढते. हात पसरून गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा तिचा वेग वाढतो, तोच हा नियम: कोनीय संवेग कायम राहतो. अंतर अर्धं झालं की वेग दुप्पट. केंद्रापासून १०० मीटरवर सेकंदाला १ मीटर, म्हणजे पायी चालण्याच्या वेगाने फिरणारी हवा २ मीटरवर पोचली, तर हिशेबाने तिचा वेग सेकंदाला ५० मीटर होतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर! घर्षणामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो, पण हातगाड्या आणि माणसं उचलायला तेवढाही पुरतो.

पहिली फिरकी कुठून आली? जमिनीलगतचा वारा घर्षणाने मंद असतो, वरचा जोरात. या फरकामुळे हवेत आडवे, लाटण्यासारखे गुंडाळे फिरत असतात. आगीचा वर जाणारा झोत असा गुंडाळा पकडून उभा करतो आणि ताणतो. ताणला की तो बारीक होतो, बारीक झाला की जोरात फिरतो. शिवाय होन्जोचं मैदान पेटलेल्या वस्तीच्या कवेत होतं. जपानी संशोधकांनी पुढे प्रयोगशाळेत छोट्या प्रतिकृती करून पाहिल्या. काटकोनात मांडलेल्या आगीवर वारा सोडला, तर कोनातल्या न जळत्या जागेवरच भोवरा उभा राहतो. वारा फार मंद असला तर होत नाही, फार जोराचा असला तर उधळून जातो. मधल्या एका वेगालाच जमतो. मोकळी जागा सुरक्षित, ही समजूत इथेच फसली.

आता चहाचा कप घ्या. तळाशी थोडी चहापत्ती राहू द्या, चमच्याने गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कडेला फेकली जायला हवी, पण ती मध्यभागी गोळा होते. वरचं द्रव जोरात फिरतं, तिथे बाहेर ढकलणारं बळ आणि आत ढकलणारा दाब यांचा तोल असतो. तळाशी घर्षणाने फिरणं मंदावतं, बाहेर ढकलणारं बळ कमी पडतं, दाब मात्र तेवढाच राहतो. म्हणून तळाचा थर आत सरकतो. आगीच्या भोवऱ्यात नेमकं हेच जमिनीलगत होतं. ठिणग्या, जळते कपडे, गाद्या सगळं जमिनीवरून केंद्राकडे खेचलं जातं. वर मात्र त्या फिरत्या खांबात बाहेरची हवा सहज मिसळत नाही. ज्वाळेला प्राणवायू शोधत उंच जावं लागतं, म्हणून ती लांबते. लोकांनी जीव लावून वाचवून आणलेलं सामानच तिथे इंधन झालं.

याच शहरात सकुमा-चोच्या रहिवाशांनी बादल्यांची साखळी करून आणि एक पंप चालवून आपली वस्ती वाचवली. आग अडवता येत होती.

आगीपाठोपाठ अफवा पसरली. कोरियन लोक आगी लावताहेत, विहिरींत विष टाकताहेत. भूकंपात विहिरीचं पाणी गढूळ होतं, कारण हादऱ्याने तळाचा गाळ सुटतो. पण ते पाहायला कुणाला सवड होती? बहुतेक वर्तमानपत्रांचे छापखाने जळाले होते आणि रेडिओ सुरू व्हायचा होता. आणि सरकारने काय केलं? ३ सप्टेंबरला फुनाबाशीच्या बिनतारी केंद्रावरून गृहखात्याने तीच अफवा तारेने प्रांतोप्रांती कळवली! रस्त्यारस्त्यावर टोळ्या उभ्या राहिल्या. ‘१५ येन ५० सेन’ ही पैशांची रक्कम जपानीत म्हणून दाखव, असं त्या वाटसरूंना दरडावत. उच्चार चुकला की तो कोरियन, आणि मग जीव जायचा. हजारो कोरियन मारले गेले. फुकुदा गावात तर दूरच्या कागावा प्रांतातून आलेल्या फिरत्या औषधविक्रेत्यांपैकी नऊ जणांना, लहान मुलांसकट, ठार केलं. ते जपानीच होते, फक्त बोली वेगळी होती. १६ सप्टेंबरला लष्करी पोलिसांनी अराजकवादी साकाए ओसुगी, लेखिका नोए इतो आणि ओसुगींचा सहा वर्षांचा भाचा यांचे खून केले. भोवऱ्याला निदान निसर्गाचा नियम होता. हे सगळं माणसांनी ठरवून केलं.

ओमोरी तेव्हा सिडनीत होते. तिथल्या वेधशाळेत, त्यांच्या डोळ्यांसमोर, भूकंपमापकाची सुई हलली. ते आजारी अवस्थेत परतले आणि नोव्हेंबरमध्ये वारले. इमामुरा धक्क्याच्या वेळी विद्यापीठात आपल्या जागेवर बसलेले होते.

१९२४ मध्ये जपानने इमारतींच्या कायद्यात एक आकडा घातला: ०.१. म्हणजे इमारतीने आपल्या वजनाच्या एक दशांश इतका आडवा जोर सोसला पाहिजे. १९२५ मध्ये टोकियोत रेडिओ सुरू झाला आणि विद्यापीठात भूकंप संशोधन संस्थाही उभी राहिली. नव्या शहरात शाळांना लागून ५२ छोट्या बागा आखल्या.

होन्जोच्या त्या मैदानावर आज योकोआमिचो बाग आहे. १९३० मध्ये तिथे स्मृतिभवन बांधलं. मारल्या गेलेल्या कोरियनांसाठी दगड उभा राहायला १९७३ उजाडलं. दरवर्षी १ सप्टेंबरला त्या दगडापाशी लोक जमतात. टोकियोच्या राज्यपालांकडून तिथे शोकसंदेश येत असे. २०१७ पासून तो येत नाही.