प्राथमिक निवडणुकीतील मतदारांचा संभ्रम

अमेरिकेत सार्वत्रिक निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी जे मतदान होते, त्याला प्राथमिक निवडणूक किंवा प्रायमरी म्हणतात. भारतात तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, तेथे ते मतदार ठरवतात. मूठभर पुढाऱ्यांच्या हातून ही सत्ता काढून घ्यावी, या हेतूने विस्कॉन्सिन राज्याने गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये राज्यव्यापी थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. तरीही हा हक्क बजावणारे थोडेच असतात. 2016 मध्ये डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मोठी चुरस असूनही पात्र मतदारांपैकी जेमतेम 28 ते 29 टक्क्यांनी प्राथमिक फेरीत मत दिले. नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणुकीत हेच प्रमाण सुमारे 60 टक्के होते.

याचे खापर मतदारांच्या उदासीनतेवर फोडणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे आहे, कारण नियमच राज्यागणिक बदलतात. बहुतेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच आपला पक्ष सांगतो. ‘बंदिस्त’ पद्धतीत त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारालाच मत देता येते, तर ‘खुल्या’ पद्धतीत कोणालाही कोणत्याही एका पक्षाची निवड करता येते. विस्कॉन्सिनमध्ये पद्धत खुली आहे, पण एकाच मतपत्रिकेवर दोन पक्षांच्या उमेदवारांपुढे खूण केली, तर ती मते बाद होतात.

संभ्रमाची सर्वांत बोलकी उदाहरणे कॅलिफोर्नियात सापडतात. 1967 मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ या कडव्या उजव्या पक्षात अनेकांनी केवळ नावातील ‘इंडिपेंडंट’ शब्द पाहून, आपण अपक्ष म्हणून नोंदणी करत आहोत अशा समजुतीने नाव घातले. फेब्रुवारी 2008 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला एखाद्या पक्षाची मतपत्रिका मागून घेता येत होती, मात्र उमेदवाराच्या नावापुढील गोलाखेरीज पक्षाचा वेगळा गोलही भरावा लागे. हजारो मतदारांनी उमेदवाराचा गोल नीट भरला आणि दुसरा मोकळा सोडला. दोन पक्षांच्या काही उमेदवारांचे गोल मतपत्रिकेवर एकाच जागी असल्याने मत नेमके कोणाला दिले, हे त्यातल्या कित्येक पत्रिकांवरून सांगता येईना. रांगेत उभे राहून मत देऊन गेलेल्या या माणसांना उदासीन म्हणता येत नाही.

मुदतीचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये 19 एप्रिल 2016 च्या मतदानासाठी पक्षाची नोंद बदलण्याची मुदत 9 ऑक्टोबर 2015 रोजी, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक आधी संपली होती. तोवर उमेदवारांचा प्रचार सामान्य माणसाच्या कानावर धड पडलेलाही नसतो. ही मुदत चुकल्याने खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन अपत्यांना, इव्हांका आणि एरिक यांना, त्या फेरीत वडिलांना मत देता आले नाही. पुढे कायदा बदलून ही मुदत 14 फेब्रुवारीपर्यंत आणण्यात आली.