इमेजिंग कंपनीच्या वरच्या खुर्च्या: कोण, कधी आणि का आले

परळला केईएम आणि टाटा मेमोरियलच्या मधल्या रस्त्यावर दहा मिनिटे थांबलात, तर समोरून जाणाऱ्या दर चार-पाच माणसांत एकाच्या काखेत मोठे चपटे पाकीट दिसते. आत सीटीच्या नाहीतर एमआरआयच्या फिल्म. पाकिटावर सेंटरचे नाव ठळक, रिपोर्टखाली रेडिओलॉजिस्टची सही. ज्या यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने ती प्रतिमा तयार केली, त्याच्या कंपनीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, मग त्या कंपनीत वर कोण बसते हा प्रश्न तर लांबच.

अलीकडे मुंबईतूनच या धंद्यात काही कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वरच्या फळीकडे पाहिले की ठरावीक खुर्च्या दिसतात: मुख्य कार्यकारी अधिकारी, तंत्रज्ञान प्रमुख, वैद्यकीय प्रमुख, नियामक बाबींचा प्रमुख, विक्री आणि सेवेचा प्रमुख. या खुर्च्या एका दिवसात मांडल्या गेलेल्या नाहीत. बहुतेक खुर्च्या कुठेतरी काहीतरी फसल्यानंतर किंवा कुणीतरी कोर्टात गेल्यानंतर आल्या. म्हणून मला सगळ्यात वरच्या खुर्चीपेक्षा बाजूच्या खुर्च्यांचा इतिहास जास्त बोलका वाटतो.

सुरुवातीला खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कारागीर बसला होता. विल्हेल्म रॉंटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण दिसले. त्याने पेटंट घेतले नाही, त्यामुळे रान मोकळे झाले. त्याच जर्मनीत एर्लांगेन गावी रायनिगर, गेबर्ट आणि शाल यांची १८८६ पासूनची कंपनी विद्युत-वैद्यकीय उपकरणे बनवत होती. त्यातला रायनिगर विद्यापीठाचा यंत्रकार होता. डॉक्टरांना लागेल ते बनवून द्यायचे, एवढाच त्यांचा कारभार. शोध कानावर येताच काही महिन्यांत त्यांनी क्ष-किरणांच्या नळ्या बनवायला घेतल्या. पुढे १९३२ मध्ये सीमेन्सच्या वैद्यकीय धंद्याशी तिचे विलीनीकरण होऊन सीमेन्स-रायनिगर-वेर्के झाली आणि आजची सीमेन्स हेल्दीनियर्स त्याच झाडाची फांदी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या (म्हणजे जीईच्या) प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये तप्त कॅथोडची नळी बनवली. त्याआधीच्या नळ्या मनाला येईल तशा चालत, ही नळी सांगू तशी चालू लागली. कूलिज पुढे त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. यंत्र ज्याला कळते तोच कारभारी, हा नियम अर्धशतकभर टिकला.

तो मोडला ईएमआयने, आणि ज्या पद्धतीने मोडला ती गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

ईएमआय म्हणजे गाण्यांच्या तबकड्या काढणारी ब्रिटिश कंपनी. तिच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनिअर होते. विद्यापीठाची पदवी नाही, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडारचे काम, नंतर ईएमआयडीईसी ११०० या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या संगणकाची जबाबदारी. वस्तूच्या आरपार अनेक कोनांतून किरण सोडून, येणाऱ्या आकड्यांतून आतला छेद गणिताने उभा करता येईल, असे त्यांच्या डोक्यात आले. प्रयोगशाळेतल्या पहिल्या चाचणीत एका छेदाची मोजणी करायला नऊ दिवस लागले आणि संगणकाला पुढे अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. कवटी न उघडता आतली गाठ दिसली. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल हाउन्सफील्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळाले. (हे सगळे ईएमआयने तबकड्या काढलेल्या बीटल्स या गायक-चमूच्या कमाईवर झाले, अशी लोकप्रिय कथा आहे. खरे तर ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा पैसाही त्यात मोठा होता. बीटल्सचे नाव घेतले की गोष्ट चांगली रंगते, एवढेच.)

आणि ज्या वर्षी नोबेल मिळाले, त्याच वर्षाच्या शेवटी ईएमआय ही कंपनीच थॉर्न या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात गेली. स्कॅनरचा धंदा मोडीत काढला गेला आणि त्यातला अमेरिकेबाहेरचा भाग जीईकडे गेला. जगात पहिले यंत्र ज्यांनी बनवले, ते दहा वर्षांत बाजारातून बाहेर!

कारण शास्त्रात नव्हते. रुग्णालयाला यंत्र विकणे म्हणजे तबकडी विकणे नव्हे. यंत्र बंद पडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर दारात हवा, सुटा भाग जवळच्या गोदामात हवा, रेडिओलॉजिस्टशी वर्षानुवर्षांची ओळख हवी. जीई आणि सीमेन्सकडे ही फौज एक्सरेच्या जमान्यापासून तयार होती. ईएमआयला ती अमेरिकेत शून्यातून उभी करावी लागली. प्रतिस्पर्ध्यांनी दोन-चार वर्षांत अधिक वेगवान स्कॅनर आणले, सीमेन्सचा पहिला तर १९७४ मध्येच आला. तेवढ्यात खर्च आवरायला म्हणून अमेरिकेतल्या सरकारांनी महागड्या यंत्रांच्या खरेदीवर परवानगीची अट घातली आणि मागणी घसरली. शास्त्रज्ञ पहिल्या दर्जाचा होता. त्याच्या शेजारच्या, विक्री आणि सेवेच्या खुर्चीवर मात्र हा धंदा मुरलेला माणूस नव्हता.

जीईने हा धडा दुसऱ्याच्या खर्चाने घेतला. तिच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख १९७३ पासून वॉल्टर रॉब होते. हे मूळचे रसायन अभियंते. सिलिकॉनच्या पातळ पडद्यातून प्राणवायू आरपार जातो हे दाखवायला त्यांनी पाण्यात बुडवलेल्या पिंजऱ्यात एक हॅमस्टर जिवंत ठेवला होता, आणि तो फोटो खूप गाजला. म्हणजे माणूस प्रयोगशाळेतलाच, पण कारखाना आणि ग्राहक दोन्ही सांभाळणारा. त्यांच्या काळात जीई आधी सीटीत आणि मग एमआरआयमध्ये पुढे गेली. नंतर ही खुर्ची वर जाण्याची शिडी झाली. १९९७ ते २००० या काळात वैद्यकीय विभाग सांभाळणारे जेफ इमेल्ट २००१ मध्ये अख्ख्या जीईचे प्रमुख झाले. २०१७ मध्ये त्यांची जागा घेणारे जॉन फ्लॅनरी हेही आरोग्य विभागातूनच आले, आणि त्याआधी त्यांनी जीईचा भारतातला कारभार पाहिला होता. इमेजिंगचा धंदा आता विक्री आणि हिशेब कळणाऱ्यांच्या हातात आला होता. त्यातही अपवाद आहेत. सीमेन्स हेल्दीनियर्स २०१८ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी बेर्न्ड मोंटाग होते आणि ते भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट आहेत.

भारतात १९९० मध्ये विप्रो आणि जीई यांची संयुक्त कंपनी बंगळुरूत उभी राहिली. तिचे प्रमुख राहिलेले विवेक पॉल पुढे जीईचा जागतिक सीटी व्यवसाय सांभाळायला गेले आणि १९९९ मध्ये विप्रोत परतले. स्कॅनर विकणारा माणूस सॉफ्टवेअर कंपनीच्या वरच्या खुर्चीवर बसला, हे तेव्हा जरा वेगळे वाटले होते. पुढे काय होणार होते याची ती चुणूकच म्हणायची.

आता नियामक खुर्ची. तिचा इतिहास मात्र बराचसा मुंबईचाच आहे.

क्ष-किरणांचे यंत्र देशात कुठेही बसवायचे तर परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाचा लागतो. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात आहे. एक्सरे किंवा सीटीचे प्रत्येक मॉडेल आधी तिथून मंजूर करून घ्यावे लागते. त्यामुळे जर्मन असो की जपानी, प्रत्येक कंपनीचा कुणीतरी माणूस मानखुर्दच्या दिशेने जातोच. पण सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये आयनकारी किरण नसतात, त्यामुळे ती यंत्रे या मंडळाच्या कक्षेबाहेर राहिली. सोनोग्राफीवर बंधन आले ते किरणांमुळे नव्हे, मुली मारल्या जात होत्या म्हणून.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेच्या जाहिराती उघडपणे लागत. आत्ता ५०० रुपये खर्च करा, पुढचे लाखो वाचतील, असा त्यांचा अर्थ, आणि ते लाखो म्हणजे हुंडा. याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि वकील एकत्र आले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदान-विरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. कायदा आला खरा, पण तोवर सोनोग्राफी स्वस्त झाली होती आणि तालुक्या-तालुक्यांत पोहोचली होती. २००० मध्ये मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने यंत्रे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे थेट विचारणा केली: गेल्या काही वर्षांत तुम्ही कुणाकुणाला यंत्रे विकलीत, त्याची यादी द्या.

माझ्या मते या धंद्याच्या भारतातल्या इतिहासात हे सगळ्यात मोठे वळण आहे. तोवर कंपनी म्हणे, आम्ही यंत्र बनवतो, त्याचे पुढे काय होते ते डॉक्टर जाणे. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकायचे नाही. घेणाऱ्याकडून लिंगनिदानासाठी वापरणार नाही असे प्रतिज्ञापत्र घ्यायचे. आणि दर तीन महिन्यांनी खरेदीदारांची यादी सरकारला द्यायची. एका फटक्यात विक्रीप्रमुखाचे काम निम्मे कायद्याचे झाले, आणि कंपनीत कायदा पाहणारा माणूस बैठकीत बाकावरून टेबलाशी येऊन बसला.

२०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या व्यापक व्याख्येने त्या खुर्चीचे वजन आणखी वाढले. त्या व्याख्येत सॉफ्टवेअरही बसले. म्हणजे ज्या कंपनीकडे लोखंडाचा एक तुकडा नाही, तीही उपकरण बनवणारीच.

अशी कंपनी शक्य कशी झाली? त्यामागे एक कंटाळवाणी पण निर्णायक गोष्ट आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीची प्रतिमा तिच्याच भाषेत साठवली जाई, एकीची फाइल दुसरीच्या पडद्यावर उघडत नसे. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि उत्पादक यांनी एकत्र बसून १९८५ मध्ये समान मानक काढले, त्याचेच १९९३ मध्ये डायकॉम झाले. त्यानंतर यंत्र कुणाचेही असो, चित्र सगळ्यांना वाचता येऊ लागले. मग फक्त चित्र वाचणाऱ्या कंपन्यांना जागा झाली.

क्युअर डॉट एआय ही त्यातली मुंबईची कंपनी. २०१६ मध्ये फ्रॅक्टल अ‍ॅनालिटिक्स या मुंबईच्याच आकडेमोड करणाऱ्या कंपनीच्या पोटातून ती निघाली. संस्थापक प्रशांत वॉरियर आयआयटी दिल्ली आणि जॉर्जिया टेकचे, विदाशास्त्रातले (विदा म्हणजे डेटा). सहसंस्थापक पूजा राव वैद्यकीय शिक्षण घेऊन संशोधनात आलेल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी टोरांटोत सांगितले की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, यंत्र पाच-दहा वर्षांत त्यांच्या पुढे जाईल. दहा वर्षे होत आली, तरी परळच्या सेंटरमध्ये रिपोर्टसाठी रेडिओलॉजिस्टचीच वाट पाहावी लागते.

वॉरियर-राव या जोडीची रचनाच सांगते की ईएमआयचा काळ संपला. नुसता गणिती इथे चालत नाही. २०१८ मध्ये त्यांचा मेंदूच्या सीटीवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतातल्या सुमारे २० केंद्रांतले ३,१३,३१८ स्कॅन त्यासाठी गोळा केले होते. रक्तस्राव, कवटीचा तडा, मेंदू एका बाजूला सरकणे अशा तातडीच्या गोष्टी अल्गोरिदमला सापडतात का, हे पाहायचे होते. त्याची एक परीक्षा ४९१ स्कॅनांवर झाली आणि तिथे खरे-खोटे ठरवले तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टनी. लेखकांच्या यादीत अभियंते आणि डॉक्टर शेजारी-शेजारी आहेत. अल्गोरिदम कितीही हुशार असो, त्याचे बरोबर-चूक ठरवायला डॉक्टर लागतो. वैद्यकीय प्रमुखाची खुर्ची शोभेची राहिली नाही, ती इथे.

२०२० मध्ये या कंपनीच्या मेंदूचे सीटी वाचणाऱ्या क्यूईआर या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाची परवानगी मिळाली. (वांद्र्याच्या आपल्या एफडीएशी गल्लत नको, ते औषध दुकानांवर धाडी घालणारे खाते वेगळे.) मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे आणि वरच्या वयाच्या लोकांच्या क्षयरोग तपासणीत छातीचा एक्सरे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचला तरी चालेल, असे सांगितले. ज्या तीन प्रणालींच्या अभ्यासावर ती शिफारस उभी होती, त्यात याच कंपनीची, छातीचे एक्सरे वाचणारी क्यूएक्सआर होती. एफडीएची परवानगी असो की ही शिफारस, दोन्हीला लागला तो कागदोपत्री पुरावा, आणि तो जमवणारी माणसे विक्रीतली नव्हती.

शेजारीच पवईत, आयआयटीच्या आवारातल्या समीर या सरकारी संस्थेत, देशी एमआरआयवर काम चालू आहे. १९८४ मध्ये टीआयएफआर या मुंबईच्या मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मतरंग गटातून ती वेगळी झाली. तिथे अजून जुनाच नियम, यंत्र ज्याला कळते तो प्रमुख. यंत्र तयार होणे ही त्यांची कसोटी, ते विकून दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला माणूस पाठवणे ही त्यापुढची.

आणखी एक खुर्ची येऊ घातली आहे. त्या ३,१३,३१८ स्कॅनांवरची नावे पुसलेली असली, तरी ते कुणाच्या तरी काखेतल्या पाकिटांतलेच. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला. सरकार ज्या कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर विदा हाताळणाऱ्या म्हणून जाहीर करील, त्यांना एक विदा संरक्षण अधिकारी नेमावा लागेल. त्याचे ठिकाण भारतातच हवे आणि तो थेट संचालक मंडळाला उत्तरदायी असेल, असे कायद्यात लिहिले आहे.