अली की टायसन? न झालेल्या लढतीची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकन बॉक्सर माइक टायसन मुंबईत आला तो वरळीच्या स्टेडियममध्ये. तिथेच एके काळी दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटायची. त्या आठवड्यात आमच्या लालबागच्या नाक्यावर रोज रात्री एकच वाद: ऐन उमेदीतला बॉक्सर मुहम्मद अली आणि ऐन उमेदीतला टायसन अशी जोड लागली असती तर?

अशा जोड्या लावायचं वेड जुनं आहे. १९६७ साली मायामीतल्या मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याने आजी-माजी हेवीवेट, म्हणजे सर्वात वरच्या वजनगटातल्या, विजेत्यांची माहिती कॉम्प्युटरला पुरवली आणि त्याने काढलेल्या निकालांवरून रेडिओवर स्पर्धा रंगवली. त्यात रॉकी मार्सियानो अजिंक्य ठरला आणि अली जिम जेफ्रीजकडून हरला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने अलीचं विजेतेपद त्याच वर्षी काढून घेतलं होतं. त्यात हा कागदावरचा पराभव! त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीत ठरलं की अली-मार्सियानो लढत चित्रित करायची.

१९६९मध्ये दोघे खरोखर रिंगमध्ये उतरले. अली २७ वर्षांचा. मार्सियानो ४५ वर्षांचा, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्याने सुमारे २२ किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. एकेका मिनिटाच्या फेऱ्या चित्रित झाल्या, शेवटही वेगवेगळे घेतले; कुठला दाखवायचा ते कॉम्प्युटर ठरवणार होता. पुढे ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. २० जानेवारी १९७०ला चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला नॉकआउट केलेलं लोकांनी पाहिलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत जिंकला अली. प्रेक्षक बदलला तसा निकाल बदलला, तिथेच त्या यंत्राची विश्वासार्हता संपली असं मी मानतो.

‘ऐन उमेद’ म्हणजे तरी नेमकी कधी? टायसनची सांगता येते: २७ जून १९८८, मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत आडवा. अलीची १४ नोव्हेंबर १९६६ धरतात, क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं ती रात्र. पण मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० तो रिंगबाहेर होता. पंचविशी ते अठ्ठाविशीतला अली कुणी पाहिलाच नाही. ही हळहळ मला या सगळ्या वादापेक्षा मोठी वाटते.

अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा. हातांच्या पल्ल्यात सात इंचांचा फरक. टायसन दोन्ही ग्लव्ह गालाला लावून, डोकं हलवत आत घुसायचा आणि डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने ठोसा, मारायचा. अलीला नेमका तोच ठोसा जड जायचा. १९६३ला हेन्री कूपरने आणि १९७१ला जो फ्रेझियरने त्यावरच त्याला खाली पाडलं. दोन्ही वेळा तो उठला. उलट बोनक्रशर स्मिथने मिठ्या मारमारून टायसनला बाराही फेऱ्या खेळवलं, टोनी टकरही बारा फेऱ्या टिकला.

म्हणून मी आधी विचारतो, फेऱ्या किती? अलीच्या काळी विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १९८२मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर लढतीतल्या दुखापतीने मेला, त्यानंतर त्या बारावर आल्या. पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या, तिथून पुढे लढत जितकी लांबेल तितकी अलीची. माझं मत अलीला.

दोघांशी लढलेली माणसं मात्र होती, त्यांतला एक ट्रेव्हर बर्बिक. डिसेंबर १९८१मध्ये त्याने चाळिशीला टेकलेल्या अलीला हरवलं, ती अलीची शेवटची लढत. २२ नोव्हेंबर १९८६ला लास व्हेगासमध्ये वीस वर्षांच्या टायसनने दुसऱ्या फेरीत त्याला डावा हुक मारला. बर्बिक पडला, उठला, दोरांकडे भेलकांडत जाऊन पुन्हा पडला, पुन्हा उठायला गेला. शेवटी पंचाने त्याला मिठीत धरून लढत थांबवली.