दोन तास पंच्याहत्तर मिनिटं

परीक्षा पावणेदहाला सुरू झाली आणि बारा वाजून वीस मिनिटांनी संपली. किती वेळ चालली? मुलाच्या वहीत 12.20 वजा 9.45, उत्तर 2.75, म्हणून '2 तास 75 मिनिटं'. शेजारी लाल फुली आणि 'लक्ष दे' असा शेरा. मला हा शेराच पटत नाही. मुलाने लक्ष दिलंय, वजाबाकी बिनचूक आहे. घोटाळा हातच्यात आहे.

20 मधून 45 जात नाहीत, म्हणून त्याने डावीकडून एक उसना घेतला. नेहमीच्या संख्यांत तो इथे 100 होऊन येतो. घड्याळात मात्र एक तास सुटा केला की 60 मिनिटंच हाती पडतात. म्हणजे मुलाकडे 40 मिनिटं जास्तीची आली. 75 मधून ती काढली की उरली 35.

यावरून 'उत्तर 60च्या वर गेलं तर 40 वजा करा' अशी युक्ती जादू म्हणून शिकवतात. तिच्यावर विसंबू नका. 10:55 ते 12:05 करून बघा. 1205 वजा 1055, आले 150, म्हणजे 1 तास 50 मिनिटं! 50 तर 60च्या आत, त्यामुळे शंकाच येत नाही. खरं उत्तर 1 तास 10 मिनिटं. हातचा घेतला की ते 40 शिरतातच, दिसोत वा न दिसोत.

ही साठीची मोजणी बॅबिलोनियाच्या गणितातून आली. 1 ते 6 या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या 60. फ्रान्सने क्रांतीनंतर 1793 मध्ये 10 तासांचा दिवस आणि 100 मिनिटांचा तास काढला, पण 1795 मध्ये तो मागे घेतला.

म्हणून मुलांना आधी उभी मांडणी देऊच नये. आडवी रेघ ओढावी आणि 'पावणेदहा' मोठ्याने म्हणायला लावावं. दहाला पाव तास कमी! पहिली उडी शब्दातच आहे: 15 मिनिटं. दहा ते बारा, 2 तास. पुढे 20 मिनिटं. झाले 2 तास 35 मिनिटं, हातच्याविना.

रात्री 10:40 ते सकाळी 6:15 या झोपेत तर उभी मांडणी सुरुवातीलाच अडते, कारण 6 मधून 10 जात नाहीत. रेघेवर मध्यरात्रीचा एक थांबा घ्यायचा: अलीकडे 1 तास 20 मिनिटं, पलीकडे 6 तास 15.