पगार दिरहमचा, घर दुबईचं, परतायचं सांगलीला

माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या घरी, ताईच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं तिथल्या बँकेचं ऑफर लेटर पसरलं. तिथं फ्लॅट घ्यायचा म्हणतोय. "मामा, चार टक्के. इथं जवळजवळ दुप्पट मोजावे लागतात." मी चष्मा लावून वाचलं. चार टक्के पहिली तीन वर्षं. चौथ्या वर्षापासून 'तीन महिन्यांचा ईबोर अधिक दीड टक्का'. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ईबोर म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "मार्केट रेट असतो गं." एवढ्यावर पंचवीस वर्षांची सही करायची हे काही मला पटेना. म्हणून हा इतिहास मांडतोय. आपल्या भागातली किती तरी मुलं आखातात आणि सिंगापूरला आहेत, त्यांच्याही टेबलावर असाच कागद आज ना उद्या येणार.

कर्जाचा दर बाजाराला बांधायची ही पद्धत घरकर्जासाठी निघालेली नाही. १९६९ साली इराणच्या शहाला आठ कोटी डॉलर हवे होते. लंडनमधले ग्रीक बँकर मिनोस झोम्बानाकिस यांनी अनेक बँका एकत्र आणून ते दिले. अडचण अशी होती की बँकांकडे ठेवी अल्प मुदतीच्या आणि कर्ज अनेक वर्षांचं. मध्येच ठेवींचा दर चढला तर बँक बुडीत. तोडगा निघाला तो असा: बँकांनी स्वतःला पैसे किती टक्क्यांनी पडतात ते सांगायचं, त्याची सरासरी काढायची, वर नफा लावायचा आणि ठरावीक महिन्यांनी दर बदलायचा. १९८६ मध्ये ब्रिटिश बँकांच्या संघटनेनं याला रीतसर रूप दिलं आणि लायबोर हे नाव जगभर झालं. या एका युक्तीनं दर चढण्याचा धोका बँकेच्या डोक्यावरून उतरला आणि कर्जदाराच्या डोक्यावर बसला. शहाच्या सरकारला तो पेलण्यासारखा होता. पुढं तोच कागद पगारदार माणसापुढं आला.

लायबोर बँकांनी सांगितलेल्या आकड्यांवर चालायचा, आणि ते आकडे सोयीनं सांगितले जात होते हे २०१२ मध्ये उघड झालं. मोठे दंड झाले. डॉलरचा लायबोर जून २०२३ अखेर बंद पडला आणि प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढलेला सोफर त्याच्या जागी आला. आपल्या तासगाव-पलूसकडच्या निर्यातदारांना हे शब्द नवे नाहीत. डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कर्ज, घेतलं की व्याज आधी लायबोरवर असायचं, आता सोफरवर. पण त्यांच्या द्राक्षाचे पैसेही डॉलरमध्येच येतात. देणं आणि येणं एकाच चलनात, त्यामुळे रुपया घसरला तरी त्यांची झोप उडत नाही. पुढच्या गोष्टींत हीच जोडी तुटलेली दिसेल.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर १९८३ मध्ये आपला डॉलर बाजारावर सोडला. देशात व्याज भारी होतं, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी आणि छोट्या धंदेवाल्यांनी स्विस फ्रँकमध्ये कर्जं घेतली. १९८५-८६ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर कोसळला. व्याज स्वस्तच राहिलं, पण मुद्दलच फुगलं.

वीस वर्षांनी हंगेरी आणि पोलंडमध्ये हेच घडलं, आणि या वेळी कर्जदार शिक्षक, नर्स, बसचालक अशी माणसं होती. हंगेरीत सरकारी सवलतीची घरकर्जं आखडली, स्वतःच्या चलनातलं, म्हणजे फोरिंटमधलं कर्ज महाग होतं आणि फ्रँकचं स्वस्त. २००८ च्या मध्यात एक फ्रँक साधारण दीडशे फोरिंटला मिळायचा. म्हणजे एक लाख फ्रँकचं कर्ज म्हणजे दीड कोटी फोरिंट. मग जगभर मंदी आली, लोक घाबरून सुरक्षित चलनाकडे धावले आणि फ्रँक वर गेला. स्वित्झर्लंडनं व्याजदर जवळजवळ शून्यावर आणले, तरी हंगेरीतल्या माणसाचा हप्ता वाढतच गेला, कारण हप्ता फ्रँकचा आणि पगार फोरिंटचा. वर तिथल्या बँकांनी आपला नफ्याचा टक्काही एकतर्फी वाढवला. शेवटी सरकारनं कायदा करून ही कर्जं एका फ्रँकला सुमारे २५६ फोरिंट या ठरलेल्या भावानं देशी चलनात बदलून टाकली. म्हणजे न फिटलेल्या दर दीड कोटींचे अडीच कोटींच्या वर झाले, तेही इतकी वर्षं हप्ते भरून. तरीही ती माणसं सुदैवी ठरली. भाव नोव्हेंबर २०१४ मध्ये ठरला आणि १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेनं फ्रँकवर तीन वर्षांहून जास्त धरून ठेवलेला लगाम अचानक सोडला. काही मिनिटांत फ्रँक उसळला. पोलंडमध्ये अशी कर्जं असलेली पाच लाखांवर कुटुंबं त्या दिवशी उघड्यावर होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, त्यानंतर तिथल्या कोर्टांत दाव्यांची रीघ लागली.

कोर्टानं कागदाच्या मागं जाऊन हिशेब बघायचा, हे आपल्या मातीला नवं नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले, शेतसारा मात्र वाढला आणि गहाणखतं तशीच राहिली. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि तेव्हाच्या साताऱ्यात आजचे सांगलीतले तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुकेही होते. दस्तावर काही लिहिलेलं असो, न्यायाधीशानं मूळ देणं किती ते शोधायचं, व्याज मुद्दलापेक्षा जास्त धरायचं नाही, हप्ते बांधून द्यायचे. आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाचाच तो अंश. बाजार समुद्रापलीकडचा आणि गहाण शिवार आपलं, हा प्रसंग आपल्या पणजोबांनी पाहिलेला आहे.

आज भारतातल्या बँकेत तुम्हाआम्हाला घरकर्ज रुपयातच मिळतं. दर बदलता असतो, पण ऑक्टोबर २०१९ पासून तो बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपोला, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याला, बांधलेला आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो चारवरून साडेसहावर गेला, अनेकांची मुदत निवृत्तीच्या पुढं सरकली. त्रास झाला, पण दर ठरवणारे निदान आपल्याकडची महागाई बघून ठरवत होते.

दुबईचं तसं नाही. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा भाव पक्का आहे. तो टिकवायचा तर तिथल्या मध्यवर्ती बँकेला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, मागोमाग जावंच लागतं. ईबोर म्हणजे तिथल्या बँका एकमेकींना ज्या दरानं उसने देतात तो दर, आणि त्याची दोरी वॉशिंग्टनच्या हातात. मार्च २०२२ मध्ये फेडचा दर शून्याला टेकला होता, जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच झाला. हिशेबासाठी दहा लाख दिरहम, पंचवीस वर्षं घ्या: ईबोर एक टक्का असेल तर दीड मिळवून अडीच टक्क्यांनी हप्ता ४,४८६ दिरहम, ईबोर सव्वापाच असेल तर पावणेसात टक्क्यांनी ६,९०९. दुबईत धंदा मंद असो की तेजीत, हप्ता अमेरिकेतल्या महागाईवर हलणार.

तरीही एवढ्या कारणानं मी त्याला नको म्हटलं नसतं. तो कमावतो दिरहम, फेडणार दिरहम. द्राक्षवाल्यासारखीच त्याची जोडी जुळलेली आहे. दर चढला तर ओढाताण होईल, पण मुद्दल फुगणार नाही. मी वहीत सात टक्क्यांचा हप्ता काढून दिला आणि हा भागत असेल तर सही कर म्हटलं.

मग ताईनं गॅस बंद केला आणि विचारलं, "पण तू दहा वर्षांनी परत येणार म्हणतोस ना?"

तो म्हणाला, हो, कुपवाड रोडला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं ठरलंय, फ्लॅट भाड्यानं देणार. म्हणजे अकराव्या वर्षी कमाई रुपयाची, आणि पंधरा वर्षांचे हप्ते दिरहमचे. भाडं आलं तर ठीक, भाडेकरू सहा महिने नसला तर हप्ता सांगलीतून पाठवायचा. २००८ च्या सुरुवातीला दिरहम अकरा रुपयांच्या आत होता, २०१५ मध्ये सतराच्या पुढं, २०२२ मध्ये बावीसच्या घरात. मी वहीत हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले. त्यानं कागद पुन्हा उचलला आणि मुदतपूर्व फेडीचं कलम कितव्या पानावर आहे ते शोधायला लागला.