बेळगाव भागात घटस्फोटाची केस : फुकट वकील कसा मिळतो, पोटगीच्या अर्जाला काय कागद लागतात

घटस्फोटाचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, वकील कोण बघायचा. माझं मत विचाराल तर वकील दुसऱ्या नंबरला, आधी पैशाचे कागद. कारण पोटगी किती बसणार हे कोण जास्त रडलं त्यावर ठरत नाही, कागदावर ठरतं, आणि एकदा माहेरी निघून आलं की सासरच्या कपाटातला कागद हाताला लागणं अवघड. त्यामुळं अजून घरात असाल तर बँक पासबुक, एलआयसीच्या पॉलिस्या, नवऱ्याची सॅलरी स्लिप, कर्जाचे कागद, सोन्याच्या पावत्या, सगळ्याचे फोटो काढून माहेरच्या कुणालातरी व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

आता वकिलाचं. १९८७ च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट आहे की बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे शाळेत मास्तरीण असली, पगार चांगला असला तरी चालतं. हे आपल्याकडं निम्म्या लोकांना माहीतच नाही, सगळ्यांना वाटतं ते फक्त गरिबांसाठी. एससी एसटी, अपंग यांनाही उत्पन्न न बघता मिळतं, बाकी पुरुषांना मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे आणि त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातून, उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. अर्ज द्यायचा बेळगावच्या जिल्हा कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात, बोर्डावर कन्नडमध्ये 'कानूनु सेवेगळ प्राधिकार' असं असतं ते. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्यांनी बेळगावला यायची गरज नाही, तालुक्याच्या कोर्टातच तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज, आधार, फोटो, केस कशाची ते चार ओळीत, बास. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही ते लिहून घेतात. काही अडलं तर १५१०० ला फोन लावा. एक सांगून ठेवते, मराठी बोलणारा वकील द्या म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, कारण अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजीत टाईप होणार आणि तुमच्या नावानं काय लिहिलंय ते सही करायच्या आधी मराठीत समजून घ्यायला पाहिजे. लाजायचं काय त्यात.

पोटगीला वाटा दोन तीन आहेत. घटस्फोटाची केस चालू असताना महिन्याचा खर्च आणि केसचा खर्च मागायचा तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली. घटस्फोट नको, नुसता खर्च पाहिजे तर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणायचे ते, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ते कलम १४४ झालंय, आणि ते सगळ्या धर्मांना चालतं. मारहाण, छळ असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीही पैसे आणि राहायला घर मागता येतं. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज केला तरी चालतो पण आधीचा अर्ज लपवायचा नाही, एकीकडं मिळालेली रक्कम दुसरीकडं वजा धरली जाते. कोर्ट कुठलं, हा आपल्या बॉर्डरवरचा नेहमीचा घोळ. चंदगडची मुलगी खानापुरात दिलेली, आता परत चंदगडला आली, तर ती राहते तिथल्या महाराष्ट्रातल्या कोर्टातही केस घालू शकते, सासरच्या गावालाच जायला पाहिजे असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं रजनीश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही हे भरायचं, उत्पन्न, खर्च, बँक खाती, जमीन, कर्ज सगळं. दोघांनी म्हणजे तुम्हीही. ब्लाऊज शिवून महिन्याला चार पैसे मिळत असतील तर ते लिहा, लपवलं आणि उलटतपासणीत निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही जजचा विश्वास उडतो. त्याच निकालात हेही आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, म्हणून "बघू, मिटतंय काय" करत वर्ष घालवलं तर त्या वर्षाचे पैसे गेलेच.

नवरा नोकरीला असेल तर सोपं, सॅलरी स्लिप आणि फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला). आपल्याकडं अडचण येते शेतकरी आणि धंदेवाल्यांची, कोर्टात उभं राहून सांगतात मला काय उत्पन्न नाही ओ साहेब. तिथं उतारा म्हणजे पहाणी काढायची, ती ऑनलाईन मिळते, मग साखर कारखान्याचं ऊसबिल, डेअरीचं दुधाचं बिल, ट्रॅक्टरची आरसी, सोसायटीतला शेअर. ऊसबिल खात्यात जमा होतं त्यामुळं बँक स्टेटमेंट मागवलं की दिसतंच. जमीन बॉर्डरच्या पलीकडं असेल तर सातबारा, आणि त्याचं भाषांतर करून जोडायला लागतं. नवरा मिलिटरीत असेल, आणि आपल्या भागात अशी घरं भरपूर आहेत, तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ९० (ऑफिसर असेल तर) किंवा ९१ (जवान असेल तर) खाली पगारातून बायको मुलांसाठी कापून देता येतं, त्याचा अर्ज त्याच्या युनिटकडं करायचा. लग्नाचा पुरावा म्हणून रजिस्ट्रेशन नसेल तर पत्रिका, फोटो आणि मुलांचे जन्मदाखले जोडा.

रेशनकार्डाकडं कुणी बघत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिला मिळतात, म्हणजे बहुतेक घरात सासूला. तुमचं नाव त्या कार्डावरून कमी केल्याशिवाय दुसरीकडं चढत नाही, ते काम लवकर करून घ्या.

मग कर्ज. नवऱ्याच्या होमलोनला तुम्ही को-अप्लिकंट असाल किंवा पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर घटस्फोटाचा निकाल बँकेवर बंधनकारक नाही, हप्ता थकला की नोटीस तुम्हालाच. संमतीनं घटस्फोट घेत असाल (त्याला आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे) तर करारात कोण किती कर्ज फेडणार आणि तुमचं नाव कधी काढणार हे तारखेसकट लिहून घ्या. दागिनेही तोळ्यासकट. स्त्रीधन तुमचंच आहे, ते पोटगीत धरू द्यायचं नाही. आणि मुलांचा खर्च आईनं सोडून दिला म्हणून मुलांचा हक्क संपत नाही, त्यामुळं "काही नको, फक्त सोडा मला" अशी सही रागाच्या भरात करू नका अक्का.

एकरकमी पैसे मिळाले की भावकीतला कुणीतरी येणारच, अमुक सोसायटीत टाक, जास्त व्याज आहे म्हणून. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवू नका, आणि सल्ला घ्यायचाच असेल तर सेबीकडं (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराचा घ्या, पॉलिसी विकणाऱ्याचा नको. पीएफ, एलआयसी, बँक, सगळीकडं नॉमिनी म्हणून अजून नवऱ्याचंच नाव असेल, ते निकाल लागला तरी आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरून पोच घ्यायची.